झुपकेरावाचा शेक आणि बेहड्याचा कट्

एका जंगलात, आता ते घाटाच्या अलीकडं की पलीकडं हे विचारू नका, मुलांनो, सांगितलं तर उद्या तिथं सहल काढाल, तर अशा एका जंगलात झुपकेराव हिरडेकर नावाचा एक तरुण शेकरू राहत होता.

शेकरू माहीत आहे ना? खारीचा श्रीमंत चुलतभाऊ. अंग तांबूस, शेपूट अंगापेक्षा मोठं, आणि मिजास शेपटापेक्षा मोठी. झुपकेरावाचं घराणं हिरड्याच्या झाडावरचं, म्हणून हिरडेकर. पलीकडच्या बेहड्यावर राहायचे ते बेहडेकर. जंगलात आडनावं अशी सरळ असतात.

त्या बेहडेकरांची मुलगी करवंदी. झुपकेरावानं तिला एकदा उंबरावर पाहिली, आणि हातातलं उंबर खाली पडलं. शेकरूच्या हातातलं फळ पडलं की समजावं, प्रकरण गंभीर आहे. मोठ्या माणसांनी बोलणी केली, सोयरीक जमली. उरलं फक्त लग्न.

पण शेकरूंच्या लग्नात एक मोठी कसोटी असते. नवऱ्या मुलानं मुलीकडच्या फांदीवर बसायचं. मुलीचा बाप जपून ठेवलेलं, वाळून दगड झालेलं एक बेहड्याचं फळ पुढं करतो. ते सगळ्यांसमक्ष दातांनी फोडायचं आणि आतला गर नवरीला भरवायचा. फोडताना 'कट्' असा आवाज यायला हवा. तो वऱ्हाडातल्या शेवटच्या म्हाताऱ्याला ऐकू गेला की लग्न लागलं. नाही गेला, तर वरात आल्या फांदीनं परत.

झुपकेरावाला कटची काळजी नव्हती. दात त्याचे खणखणीत. त्याला काळजी पोटाची. उंबर, जांभळं, फणसाचे गरे खाऊन खाऊन त्याचं पोट असं झालं होतं की तो फांदीवर बसला की फांदी नमस्कार करायची. त्यात करवंदीच्या मैत्रिणी एकदा हसून म्हणाल्या, "अगं, याला आपल्या फांदीवर बसवायचं म्हणजे खालून टेकू द्यावा लागेल!"

झालं. पोरगं रात्रभर कुशी बदलत राहिलं आणि सकाळी उठून गेलं ते थेट माकडसरांकडं.

आता हे सर कोण? तर हे माकड काही दिवस शहरात राहून आलं होतं. तिथल्या एका व्यायामशाळेच्या खिडकीला लोंबकळून त्यानं सगळं पाहिलं होतं. आत प्रवेश मिळाला नव्हता. पण खिडकीला लोंबकळून शिकलेले लोक पुढं वर्ग काढतात, हे तुम्हाला मोठं झाल्यावर दिसेलच. येताना त्यानं कुणाच्या तरी गच्चीवरून एक मिक्सरही उचलून आणला होता. एका मोठ्या खडकापुढं तो मांडून माकडानं दुकान थाटलं.

"सर, पोट कमी करायचंय," झुपकेराव म्हणाला.

"खाता काय?"

"फळं. बिया. कधी कोवळी साल."

"कसं खाता?"

"कसं म्हणजे? चावून."

माकडानं कपाळावर हात मारून घेतला. "चावून! अहो झुपकेराव, जग कुठं चाललंय आणि तुम्ही चावत बसलाय? चावण्यात किती ताकद वाया जाते, कधी हिशेब केलाय? दात काम करतात, जबडा काम करतो, आणि पोट बिचारं वाट बघत बसतं. शेक प्या, शेक! पाला, कंद, फळं, सगळं एकजीव. वर वाळवीचं प्रोटीन. घटाघटा प्यायचं आणि कामाला लागायचं."

"मला काम नसतं, सर."

"मग तर फारच वेळ वाचेल."

दर साधा होता. ढोलीभर फळं आणून द्यायची, द्रोणभर शेक न्यायचा. उरलेली फळं कुठं जात, असं कुणी विचारलं नाही. माकडाचे दोन्ही गाल सदा फुगलेले असत आणि ते बोलताना मधेच काहीतरी चघळत असे. लोकांना वाटायचं, सर विचार करताहेत.

आणि मिक्सर? तो काही चालत नव्हता. जंगलात वीज कुठली! खडकामागं एक खोलगट दगड होता. त्यात सगळा माल ओतायचा आणि रानडुकरानं त्यावर नाचायचं. पुढं मिक्सर, मागं डुक्कर. नाच संपला की माकड तोंडानं 'घुर्रर्र' असा आवाज काढून मिक्सर बंद केल्याचं दाखवायचं.

कधी मागून आवाज यायचा, "सर, पाय भरून आले हो!"

"मशीन तापलंय," माकड गिऱ्हाइकांना सांगायचं.

झुपकेरावानं पहिला द्रोण नाक दाबून प्यायला. चव चिखलाची होती. पण माकड म्हणालं, "गुणकारी गोष्ट चवीला वाईटच असते." हे तत्त्व त्याला पटलं, कारण त्याची आत्याही गुणाची होती.

बघता बघता सगळं जंगल शेकवर आलं. गव्यांनी रवंथ सोडला. पूर्वी दुपारभर सावलीत बसून ते चघळत असत, त्यामुळं जंगलात शांतता असे. आता तोंड रिकामं राहिलं. रिकामं तोंड काय करणार? सल्ले देणार. कुणी पाण्यावर गेलं की एक गवा आडवा यायचा, "पाणी कसं प्यायचं, माहीत आहे का तुम्हाला?" वाघसुद्धा त्या वाटेनं जायचा बंद झाला.

झुपकेराव मात्र खूश होता. पोट खरंच उतरू लागलं. उतरणारच की, ढोलीतली फळं माकडाच्या पोटात चालली होती!

पण दुसरीच एक गंमत सुरू झाली. मुलांनो, शेकरूचे दात आपल्यासारखे नसतात. ते जन्मभर वाढतात. कठीण काही कुरतडलं की झिजतात, आणि मापात राहतात. हे शेकरूंना शिकवावं लागत नाही, ते आपले कुरतडत असतात. पण झुपकेरावानं कुरतडणंच सोडलेलं. आंब्याला मोहोर होता तेव्हा त्याचा शेक सुरू झाला, आणि आंब्यांत कोय धरली तोवर त्याचे वरचे दात खालच्या ओठाबाहेर डोकावू लागले.

घाबरून तो माकडाकडं पळाला. माकडानं दात निरखले, गालातलं गिळलं आणि ओरडलं, "अभिनंदन! प्रोटीन लागू पडलं! बघा हो सगळे, काय वाढ आहे!"

रांगेतल्या सगळ्यांनी वाढ पाहिली. एका घुशीनं तर हात जोडले. तेव्हापासून झुपकेराव तोंड उघडं ठेवून हिंडू लागला. तसंही ते मिटत नव्हतं.

आत्या त्याची खवट होती. झाडाच्या शेंड्यावर बसून दिवसभर काहीतरी कुरतडत असायची. शेकला तिनं शिवायला नकार दिला होता. "मेल्या," ती ओरडली, "ते दात आहेत की फावडी? ये इकडं, ही कोय कुरतड आधी!"

"आत्या, तुला नाही कळायचं. ही वाढ आहे."

"वाढ म्हणजे काय ते मला सांगू नकोस. गळूसुद्धा वाढतं! लग्नात बेहडा कशानं फोडणार आहेस, शेपटानं?"

झुपकेरावानं तिथून काढता पाय घेतला. तो गुपचूप ढोलीत गेला आणि फणसाची एक साधी आठळी तोंडात धरून बघितली. धरताच येईना. वरचे दात वाकून हनुवटीला टेकलेले, खालचे भलतीकडं गेलेले. मधे आठळी ठेवायची कुठं? त्याला एकदम करवंदी आठवली. तिचं ते उंबरावर बसणं आठवलं. पोट घालवायच्या नादात बायकोच जायची वेळ आली होती.

"सर, काहीतरी करा," तो माकडाला म्हणाला.

"दोन द्रोण वाढवा," सर म्हणाले.

लग्नाचा दिवस उजाडला. करवंदं काळी झाली होती, फांद्या वऱ्हाडानं भरल्या होत्या. खाली गवे जमले होते आणि मंडप कसा घालावा हे एकमेकांना सांगत होते. माकडसर तर मानाचे पाहुणे. झुपकेराव फांदीवर येऊन बसला. फांदी जरासुद्धा वाकली नाही. टेकूवाल्या मैत्रिणी एकमेकींकडं बघू लागल्या.

बेहडेकर अण्णांनी बेहडा पुढं केला. "घ्या जावईबापू. उडवा बार!"

झुपकेरावानं बेहडा घेतला. उजवीकडून लावला, घसरला. डावीकडून लावला, निसटला. शेवटी त्यानं तो दाताच्या टोकाशी धरला आणि नुसता चाटला.

"आमच्याकडं फोडतात, हो," बेहडेकरकाकू म्हणाल्या. "चाटायला पुढं आयुष्य पडलंय."

खसखस पिकली. अण्णांचा चेहरा बदलला. त्यांनी परतीच्या फांदीकडं एकदा बघितलं. झुपकेरावानं करवंदीकडं बघितलं. ती हसत नव्हती. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. तीही उंबरावर काहीतरी पाडून बसली असावी.

मग मात्र त्यानं डोळे मिटले. बेहडा कसाबसा दाताच्या वाकड्या कमानीत कोंबला, फांदीला पाय रोवले, आणि होता नव्हता तेवढा जोर लावला.

कट्!

असा कट् त्या जंगलात कुणी ऐकला नव्हता. शेवटचा म्हातारा झोपेतून उठून बसला. "लागलं! लग्न लागलं!" एकच गिल्ला झाला. गव्यांनी हंबरून आकाश डोक्यावर घेतलं. अण्णा गहिवरून म्हणाले, "याला म्हणतात जबडा!"

झुपकेरावानं जिभेनं चाचपून पाहिलं. बेहडा अखंड होता. दात तुटला होता.

 करवंदी शेजारीच होती, तिला सगळं दिसलं. पदराआड करावं तसं तिनं आपलं शेपूट दोघांच्या तोंडापुढं घेतलं, त्याच्या हातातला बेहडा काढून आपल्या तोंडात टाकला, गालातल्या गालात हलकेच फोडला, आणि अर्धा गर त्याच्या तोंडात सारला.

"अहो, चावा आता," ती कुजबुजली.

"तुझे दात चांगले कसे राहिले गं?"

"मी एकदाच प्यायले तो शेक. त्याला खुरांचा वास येत होता."

किती महिन्यांनी तो काहीतरी चावत होता! गर कडू होता, पण त्याला वाटलं, असं गोड आपण जन्मात खाल्लं नाही. "मी उठून सगळ्यांना सांगतो," तो म्हणाला. "शेक झूट आहे म्हणून सांगतो. दात तुटला म्हणून सांगतो."

"सांगा की," करवंदी म्हणाली. "म्हणजे अण्णा म्हणतील, कट् दाताचा होता, बेहड्याचा नव्हता. लग्न मोडलं."

झुपकेराव उठला होता, तो बसला.

इतक्यात खालून माकड वर आलं. त्याच्या मुठीत तुटलेला दात होता. त्यानं तो झुपकेरावाला हळूच दाखवला आणि गालातल्या गालात हसलं. "बोलायचंय का काही, जावईबापू? बोला. मग मीही बोलतो."

दोघांनी एकमेकांकडं बघितलं. झुपकेरावानं तुटका दात ओठाखाली दडवला. मग माकडच वऱ्हाडाकडं वळलं. "मंडळी, ऐकला ना आवाज? ही शेकची ताकद! आणि ताकद पुरी झाली की जादा दात आपोआप गळून पडतो. हा बघा!"

दुसऱ्या दिवशी दुकानापुढं रांग दुप्पट झाली. बेहडेकर अण्णा सहकुटुंब सर्वांत पुढं. डुकराच्या मदतीला आणखी एक डुक्कर ठेवावं लागलं.

झुपकेरावाचा संसार उत्तम चालला. नवराबायको रोज ढोलीचं तोंड पाल्यानं बंद करून आत बसतात आणि कोयी, बिया, साली मजेत कुरतडतात. बाहेरून कुणी विचारलं, "झुपकेराव, आज काय घेतलंत?" तर आतून घास गिळून उत्तर येतं, "शेक!"

तात्पर्य: फळ फुटो की दात तुटो, आवाज मात्र जोरात आला पाहिजे.