धाडकन लागणारं दार

कोंडीला घर हवं होतं ते छपरासाठी नव्हे, दारासाठी. छप्पर जुन्या झोपडीलाही होतं. दाराच्या जागी मात्र गोणपाट लोंबत होतं, आणि गोणपाटाची अडचण अशी की ते आपटता येत नाही. दोन वर्षांपूर्वी समोर राहणाऱ्या मोठ्या जावेशी, म्हणजे सुंदराशी, तिचं कडाक्याचं भांडण झालं. कोंडीने वर्मी लागेल असं शेवटचं वाक्य टाकलं, फणकाऱ्याने आत शिरली आणि मागे दार लावायला हात नेला, तर हातात गोणपाट आलं. तिने ते जोरात फेकलं. ते दोनदा झुललं आणि परत जागेवर आलं. पलीकडून सुंदराचं खळखळून हसणं ऐकू आलं. त्या दिवसापासून दोघींचं बोलणं बंद होतं.

भांडण कोंबड्यावरून झालं होतं. दोघींकडे एकेक तांबडा कोंबडा होता. एकाच आठवड्यात एक रानमांजराने नेला आणि दुसरा सुंदराच्या जावयाने खाल्ला. वाद इतकाच होता, की रानमांजराने कोणाचा नेला.

माथेरानच्या पायथ्याच्या या वाडीत एका संस्थेने घरं बांधायला घेतली, तेव्हा सर्वांत आधी नाव कोंडीने दिलं. सामान संस्थेचं, मिस्त्री संस्थेचा, मजुरी मात्र सगळ्यांनी फुकट करायची. कोंडी आणि तिचा नवरा कमळ्या यांनी चार घरांवर चाळीस दिवस घमेली वाहिली. नकाशा घेऊन आलेल्या संस्थेच्या हर्षलाताईंना कोंडीने एकच गोष्ट सांगितली.

"दार पूर्वेला काढा."

"अहो कोंडीताई, सगळ्यांची दारं मधल्या अंगणाकडे आहेत. तुमचं पश्चिमेला येतं. समोर सुंदराताईंचं घर, सोबत होते."

"तीच नको हाय ना!"

तिसऱ्या खेपेला हर्षलाताईंनी हार खाल्ली आणि नकाशा बदलला.

शनिवारी मुंबईहून एका कंपनीची बावीस माणसं श्रमदानाला येणार होती. त्या दिवशी कोंडी पहाटेच उठली. दाराची सागाची चौकट बसायची होती, आणि चौकट बसवण्याआधी तिची पूजा करायची असते. पहिलं कुंकू घरातल्या मोठ्या बाईने लावायचं. सासू राहिली नव्हती, म्हणजे मान सुंदराचा होता. कोंडीने तो मान गिळून टाकला आणि सगळं एकटीने उरकलं. मनात कुठेतरी खुपत असावं, कारण हळदकुंकू जरा जास्तच लागलं. चौकट खालपासून वरपर्यंत पिवळी आणि लाल झाली. त्यावर आंब्याचा टाळा, झेंडूची माळ आणि पायाशी नारळ. ती आंब्याच्या झाडाला टेकवून उभी केली, तेव्हा कोंडीने स्वतःच तिला दोनदा हात जोडले.

"पूजा झाली ना, मग आता ती आडवी करायची नाय," कडावचा सखा मिस्त्री म्हणाला. "आन दिवस मावळायच्या आत बसवायची. नायतर घराला बरकत नाय ऱ्हात."

एवढ्यात फोन आला. पत्रे घेऊन येणारा टेंपो लांब मोठ्या रस्त्याजवळ नाल्यात रुतला होता. सखा आणि हर्षलाताई तिकडे धावले. जाताजाता सखाने कंपनीच्या पाटणकर साहेबांना सांगितलं, "साहेब, तीन थर मी लावलेत. मी येईस्तोवर आनखी चार चढवा. भिंत सरळ ठेवा म्हंजे झालं." पूर्वेच्या भिंतीत त्याने माणूसभर रुंद जागा मोकळी ठेवली होती. अशी जागा दाराची असते, हे कोणाला सांगावं लागेल असं सखाला उभ्या हयातीत कधी वाटलं नव्हतं.

पाटणकर साहेब कामाचा माणूस. त्यांनी बावीस जणांच्या चार टीम केल्या, चार भिंती वाटून दिल्या आणि जिंकणाऱ्या टीमला ट्रॉफी जाहीर केली. पूर्वेची भिंत स्वतःकडे घेतली. एकाने टेकायला म्हणून झाडाखालच्या चौकटीवर हात ठेवला, तशी कोंडी ओरडली, "हात नका लावू! पूजा झालीय त्याची! आन पायातलं काढा!"

बावीसच्या बावीस जणांनी बूट काढले आणि ओळीने चौकटीला नमस्कार केला. दोघांनी पैसे ठेवले. कोंडीला मुंबईची माणसं फार चांगली वाटली. मग ती मोकळ्या जागेतून आपल्या नव्या घरात गेली. इथे चूल, इथे हंडा, इथे कमळ्याची खाट, असं मनाशी मांडता मांडता चुलीच्या कोपऱ्यात भिंतीच्या सावलीला बसली, आणि पहाटेपासूनच्या दगदगीने तिथेच तिचा डोळा लागला.

बाहेर पाटणकरांना एक शंका आली. "आपल्याच भिंतीत मध्ये भोक कसं? यामुळे आपली टीम मागे पडेल."

"सर, दार असेल का?" भाविका नावाची मुलगी म्हणाली.

"दार असतं तर चौकट असती. चौकट दिसते का कुठे?"

भाविकाने चहूकडे पाहिलं. चौकट कुठेच नव्हती. झाडाखाली गावदेव तेवढा होता.

पाटणकरांनी येताना खास मसाला आणला होता. ब्लॉक एकदा चिकटला की तासाभरात दगड व्हावा, असा. तो दुप्पट थापून त्यांनी भोक भरायला घेतलं. आत वाकून पाहिलं तर कोंडी गाढ झोपलेली. "शूऽऽ! हळू," ते कुजबुजले. "त्यांच्याच घराचं काम आहे. त्यांची झोपमोड नको." त्यानंतर त्या टीमने एकेक ब्लॉक असा अलगद ठेवला, की कोंडीच्या घोरण्यात खंड पडला नाही. सात थर पुरे झाले. पूर्वेची टीम जिंकली आणि सगळे खाली ओढ्याकाठी जेवायला गेले.

कोंडी जागी झाली तेव्हा ऊन डोक्यावर होतं आणि भिंतीही. ती उठून दाराकडे गेली. दार नव्हतं. आपण चुकीच्या बाजूला आलो असं वाटून तिने भिंतीला हात लावत एक फेरी मारली, मग उलट्या बाजूने दुसरी. घर चारी बाजूंनी उत्तम बांधलं होतं.

"ए! कोन हाय का भाईर?"

ओढ्याकडून टाळ्यांचा कडकडाट आला. तिकडे ट्रॉफी दिली जात होती. मग पश्चिमेच्या भिंतीपलीकडे कोणीतरी खाकरलं, काहीतरी जड ओढल्याचा आवाज झाला, आणि भिंतीवर सुंदराचं डोकं उगवलं. ती आपल्या उखळावर उभी होती.

"कोन वरडतंय गं? दोन वर्सं तर हितून आवाज नव्हता."

"वयनी, मस्करी नको. घसा सुकलाय माजा."

"पानी देते की. पन आदी सांग, माज्या जावयानं खाल्ला तो कोंबडा कोनाचा?"

कोंडीने वर सूर्याकडे पाहिलं, खाली सावली शोधली. सावली कुठेच नव्हती.

"तुजा," ती पुटपुटली.

"मोठ्यानं बोल. भिंत जाड हाय."

"तुजा! तुजाच कोंबडा! दे आता पानी!"

सुंदरा समाधानाने हसली आणि तांब्या द्यायला भिंतीवर रेलली. भिंत हलली. पश्चिमेच्या टीमने सिमेंटात इतकं पाणी घातलं होतं, की वरचा ब्लॉक जागचा सरकून बाहेर पडला. "अगं बाय! हे सिमीट हाय का पेज?" सुंदरा म्हणाली, आणि पदर खोचून कामाला लागली. एकेक ब्लॉक उचलत तिने वरचे चारही थर उतरवले. खालचे तीन सखाचे होते, ते हलेनात. तिने हात पुढे केला, तो धरून कोंडी त्यावरून बाहेर आली. तांब्या एका दमात रिकामा झाल्यावर सुंदराने आपल्या पदराने तिचं तोंड पुसलं. कोंडीला फार बरं वाटलं, आणि बरं वाटलं याचा थोडा रागही आला.

टेंपो घेऊन सखा परतला तेव्हा चार वाजले होते. त्याने पूर्वेची भिंत पाहिली, पश्चिमेचं खिंडार पाहिलं आणि डोक्याचा रुमाल काढून झटकला.

"दार कुठं गेलं साहेब?"

"कुठलं दार?" पाटणकर म्हणाले. सखाने झाडाकडे बोट दाखवलं. पाटणकरांचा चेहरा उतरला. "म्हणजे... ते देव नव्हते?"

सखाने पूर्वेच्या भिंतीवर छिन्नी लावून हातोडा मारला. छिन्नी वाकली. "ही फोडायला दोन दिवस लागतील, आन ब्लॉक फुटले तर नवीन आठवड्यानं येतील. आजच्या आज चौकट बसंल ती त्या खिंडारात. माजे तीन थर मी आता काढतो. पन दार समोर येईल, सुंदराबायच्या."

सगळे कोंडीकडे पाहू लागले. हर्षलाताईंनी पिशवीतून हळूच एक घडी घातलेला कागद काढला. तो पहिला नकाशा होता. त्यांनी तो टाकला नव्हता.

"माजं दार समोर नको असंल तर ऱ्हाऊ दे बाय," सुंदरा उखळ उचलत म्हणाली.

कोंडीने माळावर पाहिलं. सावल्या लांबल्या होत्या. आठवडाभर थांबायचं आणि पूजा झालेली चौकट झाडाला टेकून ठेवायची, हे तिला सोसणार नव्हतं. आणि खरं सांगायचं तर, पदराने तोंड पुसणारं माणूस समोर नको, असं म्हणायला आता जीभ वळत नव्हती.

"उखळ ठेव खाली," ती म्हणाली. "कुकू घे. मोठी तू हायस, पयलं तूच लाव."

सुंदरा करंडा घेऊन चौकटीपाशी गेली. खाली वाकली, वर पाहिलं, मागे जाऊन पाहिलं. "जागा कुठं ठेवलीस गं मेले?"

शेवटी मागच्या बाजूला बोटभर जागा सापडली. बावीस जणांनी चौकट उचलली आणि दिवस मावळायच्या आत ती पश्चिमेला उभी राहिली. पाटणकरांनी तिला पुन्हा एकदा नमस्कार केला आणि ट्रॉफी सुंदराला देऊन टाकली. ती आता तिच्या फळीवर तिखटाच्या डब्याशेजारी आहे.

महिन्याभराने पत्रे चढले, दाराला फळ्या आणि कडी बसली. पहिल्याच संध्याकाळी दोघी आपापल्या उंबऱ्यावर बसून तांदूळ निवडत होत्या. माथेरानहून कामावरून आलेला कमळ्या आत चहा पीत होता.

"कोंबडा माजा होता, हे तू कबूल केलंयस," सुंदरा म्हणाली.

"आत कोंडल्यावर बोललेलं धरायचं नसतं! तुजा कोंबडा रानमांजरानंच नेला!" कोंडी कडाडली, फणकाऱ्याने उठली, आत गेली आणि दार लावलं. असं धाडकन लावलं, की वाडीतली कुत्री भुंकली आणि कमळ्याच्या बशीतला चहा सांडला.

दाराला पाठ लावून कोंडी उभी राहिली. दोन वर्षांत एवढं सुख तिला लाभलं नव्हतं. मग तिला वाटलं, फारच शांत आहे. दार इतकं पक्कं होतं, की पलीकडे सुंदरा हसतेय, चिडलीय की उठून गेली, काहीच कळत नव्हतं. तिने थोडा वेळ कान लावला. मग हलकेच कडी काढली.

सुंदरा तिथेच बसली होती, सूप मांडीवर, नजर दाराकडे.

"आन दुसरं म्हंजे," कोंडी म्हणाली, आणि उंबऱ्यावर बसली.