पेन्सिल न उचलता फियाट

रत्नागिरीत पन्नाशीच्या आसपासच्या कुठल्याही माणसाच्या हातात पेन्सिल द्या आणि सांगा, "फियाट काढ." तो पेन्सिल न उचलता काढून दाखवेल. मागच्या शेपटीच्या टोकापासून सुरुवात, टपावरून सरळ पुढे, काचेवरून खाली, बॉनेट, दिव्यापाशी वळण, पुढचं चाक, मागचं चाक, आणि पुन्हा शेपटीला गाठ. आमच्या वर्गातला एक जण फौजदार झाला, एक दातांचा डॉक्टर झाला, एक मिरकरवाड्याला बर्फाचा कारखाना चालवतो. या तिघांचं आयुष्यात कधी कशावर एकमत झालं नाही, पण फियाट तिघांचीही सारखीच येते. कारण आम्हाला चित्रकला शिकवायला कांबळे सर होते.

अभ्यासक्रमात फुलदाणी होती, सुरई होती, 'जत्रेतील दृश्य' होतं. सरांचा त्याला विरोध नव्हता. फक्त जत्रेच्या एका कोपऱ्यात फियाट उभी असली पाहिजे, एवढंच. एकाने बैलगाडीच्या शर्यतीचं चित्र काढलं तेव्हा सर बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "छान आहे. पण बघायला आलेली माणसं कशाने आली?" त्या पोराने मुकाट्याने बैलांच्या मागे एक फियाट काढली.

सर निवृत्त झाले आणि योगायोगाने आमच्या शेजारीच, नाचणे रोडला, घर बांधून राहायला आले. घर लहान, गाडीची शेड मोठी. शेडमध्ये दुधी रंगाची पद्मिनी फियाट. सर गाडी कुठेही लावून निघाले की दहा पावलांवर थांबतात आणि मागे वळून बघतात. मग आणखी दहा पावलं, पुन्हा बघतात. असं तीनदा. बाजारात, लग्नाला, दवाखान्यात, कुठेही. मी एकदा विचारलं, "सर, कुलूप लावलंय ना, मग काय बघता?"

"मेल्या, कुलूप कोण बघतोय? रेष बघ, रेष! तीन अंतरांवरून तीन गाड्या दिसतात."

मी तीन अंतरांवरून बघितलं. मला तिन्ही वेळा एकच गाडी दिसली. पण मला चित्रकलेत पस्तीसच्या वर कधी मिळाले नव्हते.

आता असा माणूस एकटाच असता तर त्याचं कौतुक करून गाव मोकळं झालं असतं. पण देव एक वेडा जन्माला घालतो तेव्हा त्याच्या तोडीचा दुसरा तयार ठेवतो. तो दुसरा म्हणजे मिरकरवाड्याचे वसंत मिस्त्री. ट्रॉलरची इंजिनं दुरुस्त करण्यात हयात गेली. त्यांच्याकडेही फियाट, पण सरांच्या गाडीच्या आधीची, गोलमटोल पाठीची. जिला सगळा मुलूख 'डुक्कर फियाट' म्हणतो ती. पुढची दारं उलटी उघडणारी. मिस्त्री दरवर्षी होड्या रंगवून उरलेला रंग गाडीला फासायचे, त्यामुळे ती कधी हिरवी असे, कधी हिरवी आणि खाली भगवा पट्टा.

सरांना त्या पट्ट्याकडे बघवत नसे. "दोघींचं माहेर इटली," सर म्हणत, "पण थोरलीला घडवताना कारागीर जेवून उठलेला असणार. ही गाडी काढलेली नाही, थापलेली आहे. हिला रेषच नाही, नुसतं पोट आहे. पेन्सिल न उचलता काढून दाखवा! कुठून सुरुवात करायची तेच कळत नाही."

यावर मिस्त्रींचं ठरलेलं उत्तर होतं. "मास्तर, गाडी डोळ्यांनी नाय वळखायची, बुडानं वळखायची."

हा वाद चाळीस वर्षं चालला. दर रविवारी दोघे आपापल्या गाड्या घेऊन मिरकरवाड्याच्या जेटीवर भेटत, चहा घेत आणि गाड्यांची अदलाबदल करून भगवती किल्ल्याचा चढ चढत. मग भाट्याचा पूल ओलांडून पावसच्या रस्त्याची वळणं. पंच म्हणून मला नेत. पंचाचं काम एवढंच की जाताना एका गाडीत आणि येताना दुसरीत, मागच्या सीटवर काठोकाठ भरलेला कोकम सरबताचा ग्लास हातात धरून बसायचं. ज्या गाडीत कमी सांडेल ती जिंकली. पद्मिनीत माझी पँट मांडीपासून घोट्यापर्यंत भिजायची, डुक्करमध्ये गुडघ्यापर्यंतच. आमच्या घरी माझ्या रविवारच्या पँटी वेगळ्या ठेवलेल्या होत्या.

"बघितलाव?" मिस्त्री छाती काढून म्हणत. "बुडाखाली चिकटून जाते."

"या दिल्याचा हात हलला," सर माझ्याकडे बोट दाखवून म्हणत. "आणि चढावर ही तुझी गाडी किती बोंबलते ते सांग."

चढावर दोन्ही गाड्या सारख्याच बोंबलत. उन्हाळ्यात तर किल्ल्याच्या अर्ध्या वाटेवर पेट्रोलचा पंप तापायचा आणि गाडी गप्प बसायची. मग दोघेही म्हातारे उतरून बॉनेट उघडणार, पंपावर ओलं फडकं टाकणार आणि फडकं कोणाचं जास्त ओलं यावर भांडणार. कधीतरी अशा भांडणात सरांच्या तोंडून एखादं बरं वाक्य निसटे. "स्टिअरिंग हलकं आहे तसं," असं काहीतरी. की मिस्त्री तडक खिशातून कागद काढत. "मास्तर, लिवून दे!"

"काय लिहून देऊ?"

"आता बोललास ता. लिवून दे."

सर लगेच शब्द फिरवत. चाळीस वर्षांत त्यांनी एक अक्षर लिहून दिलं नाही. मिस्त्रींच्या खिशातला कागद मात्र कायम कोराच्या कोरा तयार.

यंदा होळीनंतर मिस्त्रींना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात, उजवा पाय गेला आणि वाचा गेली. हाताची बोटं हळूहळू हलायला लागली, पण शब्द येईना. समजत सगळं होतं. डोळे बोलत, तोंड बोलत नसे. डॉक्टरांनी सांगितलं, बोलायला लावा, नाहीतर बोलायची सवय मोडेल ती कायमची.

मिस्त्रींचा मुलगा नितीन लोट्याला कंपनीत आहे. सुट्टी काढून आला. सज्जन पोर. वडिलांना जिना चढवत नव्हता, म्हणून खाली खोली काढायची होती, आणि खाली जागा म्हणजे गाडीची शेड. तेव्हा गाडी विकायची ठरली. त्यात त्याचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही.

मला वाटलं, आता तरी सर गप्प बसतील. कसलं! सर रोज दहाच्या ठोक्याला मिरकरवाड्याला जायला लागले. मिस्त्रींना अंगणात खुर्चीवर बसवलेलं असे, समोर गाडी. सर स्टूल ओढून बसत आणि सुरू होत. "वसंता, आज नीट बघितली तुझी गाडी. काय ती पाठ! भाकरी करपून फुगावी तशी. आणि ती दारं! माणूस उतरतो की पडतो?" मिस्त्रींचे डोळे लाल होत. डावा हात खुर्चीवर आपटत. शब्द काही येत नसे. शेजारच्या बायका पदर तोंडाला लावून म्हणत, "काय हा मास्तर! अडलेल्या माणसाला छळतो." खरं सांगतो, मलाही सरांचा राग यायला लागला होता. भांडणाला दुसरी बाजू असली तर मजा. इथे एकटेच सर बोलत होते.

गिऱ्हाइकं यायला लागली तशी कमालच झाली. जुन्या गाड्यांचा शौक असलेला एक जण कोल्हापूरहून आला. गाडीभोवती तोंडात बोट घालून फिरत होता. सर पुढे झाले. "घ्या, घ्या. फक्त चढावर मागे येते हं. ब्रेक असतात, पण त्यांचा मूड असतो. आणि रंग होडीचा आहे, त्यामुळे गाडी पाण्याकडे ओढते." गिऱ्हाईक आल्या पावली परतलं. पुण्याचं एक जोडपं आलं, त्यांनाही सरांनी गाडीभोवती अर्धा तास फिरवून असंच काही ऐकवलं. सव्वा महिन्यात पाच जण आले आणि पाचही गेले.

नितीन शेवटी वैतागला. "सर, तुम्ही चाळीस वर्षं म्हणताय ही गाडी म्हणजे पत्र्याचा डबा, तर आता माझीही खात्री पटली. भंगारवाल्याला बोलावलंय. उद्या येईल."

त्या संध्याकाळी सर स्वतःची गाडी लावून घराकडे चालले, पण मागे वळून एकदाही बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी मीही मुद्दाम गेलो. भंगारवाल्याचा टेंपो गल्लीच्या तोंडाशी लागलेला. मिस्त्री खुर्चीवर, डोळे जमिनीकडे. भंगारवाल्याने डुक्करच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाला, "कापूनच न्यायला लागेल, टेंपोत अख्खी मावणार नाय."

"हात काढ!" सर ओरडले.

वर्गात आम्ही हा आवाज ऐकला होता. भंगारवाल्याने हात काढला. सर गाडीपाशी गेले, बाजूला उभे राहिले आणि भंगारवाल्याशी बोलायला लागले. पण तोंड मिस्त्रींकडे होतं.

"कापणार? काय कापणार? तू भाट्याच्या वळणावर बसलायस हिच्यात? आम्ही वळणावर गाडी वळवतो. हिच्यात बसलं की वळणच आपल्याकडे येतं. चाळीस वर्षं मी हिच्यात बसलोय. एकदाही माझं डोकं काचेला लागलं नाही. स्टिअरिंग एका बोटाने फिरतं. माझी पद्मिनी देखणी आहे, पण वळणावर धास्तावते. ही धास्तावत नाही. आणि ही दारं. हिच्यातून म्हातारी बाईसुद्धा राणीसारखी उतरते, वसंताची आई उतरायची तशी. आणि ही पाठ बघ. माझ्या गाडीच्या रेषेला चार कोपऱ्यांवर थांबावं लागतं. ही रेष कुठे थांबतच नाही. सुंदर आहे. सुंदर गाडी आहे ही. मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे."

आणि मग खुर्चीतून घशात काहीतरी घासल्यासारखा आवाज आला.

"लि..."

नितीन वळला. मिस्त्रींचं तोंड वाकडं झालं होतं, मानेच्या शिरा फुगल्या होत्या. "लि... लिव..."

सर तिथूनच म्हणाले, "काय? ऐकू नाही आलं."

मला वाटलं, धावत जाऊन मिठी मारतील. पण सर जागचे हलले नाहीत. हात मागे बांधून उभे. "मोठ्याने बोल. मला कमी ऐकू येतं हल्ली."

"लिवून..." मिस्त्रींचा डावा हात खुर्चीवर आपटला. "लिवून दे! मास्तर!"

नितीन वडिलांच्या पायाशी बसून रडायला लागला. शेजारची एक बाई ओरडत दुसरीला बोलवायला गेली. भंगारवाल्याला काय झालं ते कळेना, पण तोही डोळे पुसायला लागला. सरांनी खिशातून पेन्सिल काढली. मिस्त्रींच्या सदऱ्याच्या खिशात हात घातला, तर झटक्याच्या आधीचा कागद तसाच होता. घडी पिवळी पडलेली, पण कोरा. सरांनी तो बॉनेटवर पसरला आणि मागच्या चाकापाशी पेन्सिल टेकवली. पाठ, टप, काच, फुगलेलं नाक, दिवा, चाकं, पुन्हा पाठ. पेन्सिल उचलली नाही. खाली सही केली आणि कागद मिस्त्रींच्या डाव्या हातात दिला.

मी पंच होतो, मला ते कळलं. पहिल्यांदा काढणाऱ्याची रेष अशी येत नाही.

भंगारवाला रिकामा टेंपो घेऊन गेला. गाडी मात्र हलवणं भाग होतं, म्हणून ती सरांच्याच शेडमध्ये आली. सरांची बायको, म्हणजे आमच्या काकू, दारात उभ्या राहून म्हणाल्या, "एका सवतीने भागत नव्हतं वाटतं!" दुसऱ्या गाडीसाठी जागा करताना मी फळीवरच्या जुन्या चित्रकलेच्या वह्या काढल्या. एक उघडली. डुक्कर. पुढच्या पानावर डुक्कर. सगळ्या वह्या डुक्कर फियाटने भरलेल्या. सुरुवातीच्या मोडक्यातोडक्या, खोडलेल्या, आणि नंतर एका रेषेत. सरांनी माझ्या हातातून वही घेतली.

"हात चालता ठेवायला लागतो," ते म्हणाले. मग वही मिटत, "दिल्या, हे पाच महिने मी एकटाच भांडत होतो रे. फार वाईट असतं. आपण काहीही बोलावं आणि समोरून कोणी खोडून काढू नये. घरी येऊन जेवण जात नव्हतं."

आता मिस्त्रींकडे बरेच शब्द आले आहेत, आणि त्यातले बहुतेक पद्मिनीला नावं ठेवण्यासाठी आहेत. रविवारी सर डुक्कर घेऊन मिरकरवाड्याला जातात, नितीन वडिलांना पुढच्या सीटवर बसवतो. उलटं दार त्यासाठी खरंच सोयीचं आहे, हे सरांनी अजून मान्य केलेलं नाही. मी मागे कोकम सरबताचा ग्लास घेऊन. सरांनी गाडीला शिवी दिली की मिस्त्री टपाखालच्या पट्टीत खोचलेला कागद डाव्या हाताने उपसून नाकासमोर धरतात. सर म्हणतात, "ती सही जबरदस्तीने घेतलेली आहे."

परवा फेरी संपली. मिस्त्रींना नव्या खोलीत खिडकीशी बसवलं आणि आम्ही निघालो. मिस्त्रींच्या शेडची खोली झाली, म्हणून हल्ली गाडी गल्लीच्या तोंडाशी लावावी लागते. सर चालता चालता थांबले आणि मागे वळून बघितलं. दहा पावलांवर पुन्हा. मग आणखी एकदा. गाडी आमच्या समोर उभी होती. मागे फक्त खिडकीतले मिस्त्री होते.