सतरा नंबरचा कागद

मी हेर आहे. मला कुणी नेमलेलं नाही, कारण मला नेमण्याच्या लायकीचं माणूस अजून भेटलेलं नाही. शाळेत मी चौथीपर्यंत गेले. पाचवीत मला शिकवण्यासारखं शाळेकडे काही उरलं नव्हतं. पण आमच्या तीन मजली इमारतीत कुणाचं दूध उतू गेलं हे त्या घरातल्या बाईच्या आधी मला कळतं. जिन्यावरच्या पावलांवरून मी माणूस ओळखते, माणसाच्या तोंडावरून त्याच्या पोटातलं ओळखते, आणि ज्याच्या पोटात काहीच नसतं तो माणूस मी डोळे मिटून ओळखते. त्याच्याशी माझं लग्न झालेलं आहे.

आमचे हे घड्याळं दुरुस्त करायचे. दुकान बंद झालं, पण डोळ्याला भिंग लावून खिडकीपाशी बसायची सवय गेली नाही. दिवसभरात बोलतात ते घड्याळाशी, तेही त्याने आधी टिकटिक केली तर.

आणि आमची सूनबाई माणसाच्या मनावर संशोधन करते. तीन वर्षं झाली. मी म्हटलं, ‘‘अगं, तीन वर्षं कशाला घालवतेस? मला विचार, अर्ध्या तासात सांगते.’’ पण त्यांच्यात अनुभवी माणसाचं ऐकत नाहीत, कागदाचं ऐकतात. तिचा विषय काय, तर मनातून नको असताना माणसं घरात ‘हो’ का म्हणतात! हा काय विषय झाला? आमच्या घरात सगळे सगळ्याला ‘हो’ म्हणतात आणि सुखात राहतात.

या अभ्यासात इमारतीतली चोवीस माणसं होती. प्रत्येकाचे दोन कागद. एक संमतीपत्र, त्यावर नंबर, नाव आणि सही, म्हणजे मी माझ्या खुशीने यात भाग घेतोय. दुसरा प्रश्नांचा कागद. त्यावर नाव नाही, नुसता नंबर, म्हणजे कोण काय म्हणालं ते कुणाला कळू नये. मला हे मुळातच संशयास्पद वाटलं. कळू नये म्हणून कुणी विचारतं का?

तर त्या सकाळी सूनबाई संमतीपत्रांचा पत्र्याचा डबा उघडून मट्कन खाली बसली.

‘‘आई, तेवीसच आहेत. सतरा नंबरचा कागद नाही.’’

‘‘मग लिहून टाक नवा. सही मी करते.’’

तिने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की जणू मी कुणाचा तरी गळा कापायचा सल्ला दिला होता. मग तिने सांगितलं. दुपारी चार वाजता नीतिसमितीच्या मॅडम येणार होत्या. कुणाला फसवून, धाकात घेऊन तर अभ्यास चाललेला नाही ना, हे तपासणं त्यांचं काम. प्रश्नांचे कागद चोवीस आणि संमतीपत्रं तेवीस, याचा अर्थ एका माणसाची माहिती त्याच्या संमतीशिवाय घेतली. अभ्यास जागच्या जागी बंद. तीन वर्षं पाण्यात.

सूनबाईचा खालचा ओठ थरथरत होता. ती पोरगी माझ्यासमोर कधी रडलेली नाही; माझ्यासमोर रडायला हिंमत लागते. मी पदर खोचला.

‘‘चारच्या आत चोर तुझ्यासमोर उभा करते. बोल, सतरा नंबर कोण?’’

‘‘मला माहीत आहे. पण तुम्हाला सांगता येणार नाही. ते गोपनीय असतं.’’

‘‘अगं, मी घरची!’’

‘‘म्हणूनच.’’ मग ती जरा घुटमळली. ‘‘मला त्या व्यक्तीशी पाच मिनिटं एकटीने बोलायचंय. आई, तुम्ही तासभर कुठे बाहेर जाऊन येता का?’’

इथे माझ्यातली हेर जागी झाली. चोरी झालेल्या घरातून हेराला बाहेर काढणारी व्यक्ती कोण असते? पहिला संशय मी सुनेवरच घेतला. तो मनात ठेवला, जागची हलले नाही, आणि तिला एकटीने कुणाशी बोलू दिलं नाही.

खिडकीपाशी ह्यांनी घसा साफ केला. ‘‘अगं, ऐक ना...’’

‘‘तुम्ही घड्याळ बघा,’’ मी म्हटलं. ते बघू लागले.

मी आधी पुरावा गोळा केला. डब्याला कुलूप होतं, किल्ली खिळ्याला होती, आणि खिळा सगळ्यांना माहीत होता. म्हणजे चोर सगळ्यांपैकीच कुणीतरी होता. सकाळपासून आमच्या दारात एकच माणूस आला होता, तळमजल्यावरचा शिंपी. ह्यांच्या कोटाचं दुसरं बटण लोंबत होतं, म्हणून मीच त्याला हाक मारून खुंटीवरचा कोट त्याच्या हातात दिला होता. मागे आमचा चमचा हरवला, त्या दिवशीही शिंपी येऊन गेला होता. छत्री हरवली, तेव्हाही. मी विजयाने सूनबाईकडे पाहिलं.

‘‘आई, दोन गोष्टी एकाच दिवशी घडल्या म्हणून एकीमुळे दुसरी घडली असं होत नाही. चमचा हरवला त्या दिवशी तुम्हीही घरात होतात.’’

‘‘मी माझाच चमचा चोरीन?’’

‘‘तो फ्रीजच्या मागे सापडला होता.’’

‘‘शिंपी किती खोल लपवतो बघ.’’

मग मी सापळा लावला. टेबलावर एक कोरा कागद ठेवला, वर लिहिलं ‘सतरा’, आणि पडद्यामागे उभी राहिले. चोर पुन्हा येतोच. पाऊण तासात तीन माणसं आली. तिन्ही माणसं टेबलाला वळसा घालून, हात पाठीमागे बांधून, भिंतीकडे बघत गेली. तिसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त मुख्याध्यापिका तर जाताना पडद्याला नमस्कार करून गेल्या. इतकी सरळ वागलेली माणसं मी जन्मात पाहिली नव्हती. म्हणजे सगळेच दोषी!

‘‘आई, तुमचे पाय दिसताहेत,’’ सूनबाई म्हणाली. ‘‘आपल्यावर कुणाचं लक्ष आहे हे कळलं की माणसं वेगळी वागतात. अशा निरीक्षणाला अर्थ नसतो.’’

‘‘मग माझ्यासमोर माणसं नेहमीच अशी का वागतात?’’

ह्यांच्या हातातला स्क्रू खाली पडला.

बारा वाजले. सूनबाईने जेवण चिवडून ठेवलं होतं. आता मला शास्त्राचा आधार घेणं भाग होतं. सूनबाई फोनवर शिकवते तेव्हा मी दाराशी डाळ निवडत असते. त्यामुळे प्रयोगात दोन गट करतात, एकाला औषध देतात आणि दुसऱ्याला तुलनेसाठी देत नाहीत, हे मला पाठ होतं. शिंपी आणि मुख्याध्यापिका, दोघांना बोलावून बसवलं. दोघांना एकेक पेला दिला आणि सांगितलं की हे खरं बोलायचं औषध आहे, फार जुनं आहे, खोटं बोललात तर जीभ सुजेल. शिंप्याच्या पेल्यात पिठीसाखर होती. बाईंच्या पेल्यात नुसतं पाणी. मग मी अगदी तटस्थपणे, मनात काहीही न धरता विचारलं, ‘‘कागद कुठे लपवलात?’’

शिंप्याने पेला खाली ठेवला. त्याचं तोंड पांढरं पडलं होतं.

‘‘काकू, कागदाचं नाही माहीत. पण तुमच्या पडद्याचं कापड मी वाचवलं होतं. दोन उशांचे अभ्रे झाले. आज सहा वर्षं त्यांच्यावर झोपतोय, झोप लागत नाही.’’

मी बाईंकडे वळले. बाई शाळेतल्यासारख्या उठून उभ्या राहिल्या.

‘‘तुमच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर माझ्या कुंड्यांचं पाणी पडतं, ते पडत नाही. मी पाडते. अकरा वर्षं. मोजून.’’

मी थक्क झाले. औषध इतकं जालीम होतं की ज्याला दिलं नाही त्यालासुद्धा लागू पडलं! एवढ्यात खिडकीतून आवाज आला, ‘‘अगं, मलाही काही सांगायचं आहे...’’

‘‘तुम्हाला दिलंच नाही! तुम्ही कशाला बोलताय?’’

ते पुन्हा भिंगात शिरले.

हे सगळं झाल्यावर सूनबाई आतून आली, पेले हुंगले आणि कपाळाला हात लावला. ‘‘आई, खोटं सांगून माणसांना काहीतरी पाजायचं आणि त्यांच्याकडून मनातलं काढून घ्यायचं, हेच तर करायचं नसतं! आता दोघांनाही खरं सांगा. नंतर खरं सांगणं हा नियम आहे.’’

सांगावं लागलं. शिंपी म्हणाला, ‘‘म्हणजे जीभ सुजणार नव्हती?’’ बाई म्हणाल्या, ‘‘मग माझं विधान मी मागे घेते.’’ दोघेही रागारागाने निघून गेले. माझ्या हाती काय लागलं, तर दोन अभ्रे आणि अकरा वर्षांचं पाणी. कागद नाही.

चार वाजता मॅडम आल्या. बुटक्या, शांत. चपला दाराबाहेर इतक्या सरळ लावल्या की मला त्यांचा धाक बसला. त्यांनी कागद मोजले, पुन्हा मोजले. सूनबाईने एका दमात सांगून टाकलं की एक संमतीपत्र नाही. काही लपवलं नाही. मला वाटत होतं, थोडं तरी लपवावं.

मॅडमनी दुसराच प्रश्न विचारला. ‘‘सगळ्या सह्या एकाच दुपारच्या आहेत. एकानेही नकार दिला नाही?’’

‘‘त्या दिवशी मला ताप होता,’’ सूनबाई म्हणाली. ‘‘आईंना मी पाकिटं फक्त दारांपाशी ठेवायला सांगितली होती.’’

‘‘पाकिटं ठेवून कुणी सह्या करतं का?’’ मी अभिमानाने म्हटलं. ‘‘मी प्रत्येक दारात उभी राहिले. सही मिळेपर्यंत. एकजण आंघोळीला गेला होता, त्याची दाराखालून घेतली.’’

मॅडमनी पेनाचं टोपण काढलं. सूनबाईने डोळे मिटले. आपण कौतुकाचं काही सांगितलेलं नाही, हे मला त्या टोपणाच्या आवाजावरून कळलं. तीन वर्षं बुडत होती, आणि ती कागदाच्या चोराने बुडवलेली नव्हती.

मॅडम लिहायला लागणार, तेवढ्यात दारात शिंपी उभा. हातात ह्यांचा कोट. माझ्याकडे न बघता म्हणाला, ‘‘बटण लावलंय. आतल्या खिशात हा कागद होता. म्हटलं, पुन्हा माझ्या नावावर नको.’’

सतरा नंबर. खाली ह्यांची सही.

चव्वेचाळीस वर्षं ज्या माणसाला मी डोळे मिटून ओळखत होते, त्याच्याकडे मी डोळे उघडून पाहिलं. ह्यांनी भिंग काढलं, पुसलं, खिशात ठेवलं. मग मॅडमना म्हणाले, ‘‘त्यात बारीक अक्षरात लिहिलंय, कधीही, कारण न देता माघार घेता येते. मी घेतली. काल माझा कागद परत घेतला. सुनेला एकटं गाठून सांगणार होतो. पण एकटं कुणी सापडेना, आणि सकाळी कोट गेला.’’

‘‘अहो, मग मला सांगायचं होतं!’’ मी म्हटलं.

‘‘दोनदा सुरुवात केली.’’

‘‘कारण सांगायची तुमच्यावर सक्ती नाही,’’ मॅडम म्हणाल्या.

‘‘सांगतो. नववा प्रश्न होता, घरात शेवटचं ‘नको’ कधी म्हणालात. ही शेजारी बसली होती. म्हणाली, लिहा, रोज म्हणतो. मी लिहिलं.’’ ते थांबले. एवढं बोलायची सवय नव्हती. ‘‘खोटं घड्याळ मी कधी गिऱ्हाइकाला दिलं नाही. सुनेच्या अभ्यासात खोटं उत्तर कसं राहू देऊ?’’

सूनबाईने तोंडाला पदर लावला. तो रडण्यासाठी होता की हसण्यासाठी, हे माझ्यासारख्या हेरालाही सांगता आलं नाही.

मॅडमनी ते बारीक अक्षर परत एकदा वाचलं. ‘‘आजोबांचा प्रश्नांचा कागद आत्ता माझ्यासमोर फाडा. अभ्यास आज बंद करत नाही. निदान एका माणसाला तरी माघार घेता आली. पण बाकी तेवीस जणांना पुन्हा नव्याने विचारायचं. आणि त्या वेळी आजी...’’ त्या माझ्याकडे बघून हसल्या, ‘‘...आजी गच्चीवर बसतील.’’

मी गच्चीवर बसले. तिथून पहिल्यांदाच मला इमारतीतलं काही ऐकू येत नव्हतं. अंधार पडायच्या आत सूनबाई वर आली. पाच जणांनी ‘नको’ म्हटलं होतं, त्यांत मुख्याध्यापिकाही होत्या. अठरा राहिले.

‘‘अठरा पुरतात?’’

‘‘पुरतात. आणि आता खरे आहेत.’’ मग माझ्या शेजारी कठड्यावर टेकत म्हणाली, ‘‘आई, तुम्ही नसता तर हे प्रकरण सुटलं नसतं.’’

‘‘खोटं बोलू नकोस. नंतर खरं सांगावं लागतं.’’

‘‘बरं. तुम्ही नसता तर हे प्रकरण झालंच नसतं.’’

खाली आले. हे खिडकीपाशी, भिंग लावून. रोज या वेळी मी कप आणून पुढ्यात ठेवते. विचारायचा प्रश्नच नसतो. आज दारात थांबले. घसा साफ करणं काय असतं ते मला तेव्हा कळलं.

‘‘अहो, चहा ठेवू का? नको असेल तर... कारण सांगायची सक्ती नाही.’’

त्यांनी बराच वेळ हातातल्या घड्याळाला किल्ली दिली. मग म्हणाले, ‘‘नको.’’

नियमाप्रमाणे मी कारण विचारलं नाही. फक्त दारात उभी राहिले.

‘‘उभं राहणंसुद्धा विचारण्यातच धरतात,’’ ते मान वर न करता म्हणाले.

मी जाऊन बसले. मला एकटीपुरता चहा करता येत नाही. कपाचं माप हुकतं. तशीच बसून राहिले. सूनबाई सांगते की एका वेळच्या उत्तरावरून कुठलाही निष्कर्ष काढू नये. म्हणून मी उद्याही विचारणार आहे, परवाही. आणि रोज विचारल्यावर पलीकडे जाऊन बसणार आहे, दाराकडे पाठ करून.