मशीनला माझी जन्मतारीख कशाला?

सासरे घरी आल्याच्या दुसऱ्या दिवशी जावयाने त्यांचा शर्ट स्वतःहून धुवायला टाकला आणि तिथेच सगळं बिनसलं. एरवी त्याने स्वतःचा रुमालही कधी धुवायला टाकला नव्हता. पण नवं मशीन फोनवरून चालतं, हे सासऱ्यांना दाखवायची त्याला भारी हौस होती.

जावई विमा कंपनीत क्लेम तपासनीस. कुणाची गाडी खरोखर आपटली आणि कुणी ती भिंतीला प्रेमाने टेकवली, हे शोधण्यात त्याची हयात चाललेली. "खोटं बोलणाऱ्याला कल्पनाशक्ती नसते," तो जेवताना बायकोला शिकवायचा. "समोर जे दिसेल तेच तो ठोकून देतो. परवा एकाला विचारलं, अपघात कशामुळे झाला? त्याने माझ्या टेबलावरच्या पंख्याकडे पाहिलं आणि म्हणाला, वाऱ्यामुळे!" बायको दातांची डॉक्टर. 'मी दोन्ही वेळा दात घासतो' हे वाक्य दिवसभर ऐकून आलेली. ती नुसतं "हं" म्हणायची आणि पोळी वाढायची.

महिन्यापूर्वी मशीन घरात आलं तेव्हा त्याच्या ॲपने आधी मोबाइल नंबर विचारला, मग स्त्री की पुरुष, जन्मतारीख, जन्मस्थळ, लाडक्या शिक्षकाचं नाव. (लग्न ठरताना सासऱ्यांनीसुद्धा एवढं खोदून विचारलं नव्हतं.) वर फोनमधले फोटो बघायची परवानगी हवी! "फोटो कशाला? मळलेले कपडे आधी पसंत करणार आहेस का?" तो मशीनवर ओरडला. आपली खरी माहिती देणं म्हणजे जगभरच्या भामट्यांना घरी जेवायला बोलावणं, असं त्याचं ठाम मत होतं. मग त्याने बाथरूममध्ये बादली पालथी घातली, तिच्यावर बसकण मारली आणि एकामागून एक थापा ठोकल्या. त्या कुठे लिहूनही ठेवल्या नाहीत. लिहिलेलं चोरीला जातं.

तर शर्ट फिरायला लागला होता. हॉलमध्ये डुलकी काढून सासरे उठले, त्यांनी खुर्चीच्या पाठीवर हात फिरवला, शर्ट नाही म्हटल्यावर तोंडावर हात ठेवला आणि धावत बाथरूमशी आले. त्यांची कवळी रुमालात गुंडाळून त्या शर्टाच्या खिशात होती. ज्या तपासनिसाने लोकांची बिलं उलटीसुलटी करून पाहिली, त्याने सासऱ्यांचा खिसा मात्र पाहिला नव्हता.

मशीनच्या गोल काचेआड सासऱ्यांचे दात फेऱ्या मारत होते. दर फेरीला काचेपाशी येऊन ते जावयाकडे बघून हसत आणि परत कपड्यांत दिसेनासे होत.

प्रकरण गंभीर होतं. सासरे रेडिओवरचे निवृत्त निवेदक. आज संध्याकाळी केंद्राच्या समारंभात त्यांना पुन्हा एकदा बातम्या वाचायच्या होत्या. तासाभरात गाडी न्यायला येणार होती. महिनाभर ते आरशासमोर तालीम करत होते. दातांशिवाय आपल्या तोंडून एकही अस्पष्ट शब्द बाहेर पडू द्यायचा नाही असा त्यांचा बाणा, त्यामुळे ते नुसतेच काचेकडे बोट दाखवत होते. डोळ्यांत मात्र पाणी आलं होतं.

जावयाने मशीन थांबवलं. दार उघडेना. प्लग काढला, लावला, दाराला हिसके दिले. मशीनच्या पट्टीवर एकच ओळ: 'दार उघडण्यासाठी खातेदाराची ओळख पटवा.' शेवटी त्याने कंपनीला फोन लावला.

"नमस्कार मॅडम, मी आपली काय मदत करू?" एक मुलगी गोड आवाजात म्हणाली.

"मॅडम नाही, सर."

"पण या नंबरवर खातेदार मॅडम आहेत."

तपासनिसाने नाक दाबून धरलं. "हो, मग... मीच ती. सर्दी झालीय."

"काळजी घ्या मॅडम. जन्मतारीख सांगता?"

सुचेना, म्हणून त्याने खरी सांगितली.

"चुकीची आहे."

"अहो, मी त्याच दिवशी जन्मलो!"

"जन्मले, मॅडम. बरं, जन्मस्थळ?"

त्याने तेही खरंच सांगितलं.

"हेही चुकीचं आहे."

"चुकीचं कसं? माझी आई होती ना तिथे!"

"मॅडम, आता एकदाच संधी. मग खातं महिनाभर बंद होईल."

आपण कोण, कुठले आणि नेमके कधी जन्मलो याबद्दल त्याची त्यालाच शंका यायला लागली. त्याने सासऱ्यांकडे पाहिलं. सासरे दातांकडे बघत होते.

तेवढ्यात बायको दवाखान्यातून आली. तिने वडिलांच्या बसलेल्या गालांकडे पाहिलं, काचेकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे.

"काय उत्तरं दिली होतीस?"

"आठवत नाही गं. खोटी होती एवढं नक्की."

"कुठे बसून?"

"इथेच. बादलीवर."

तिने बादली पालथी घातली, तिच्यावर बसली आणि सरळ समोर पाहिलं. फळीवर साबणाच्या पावडरचा भलामोठा पुडा होता. त्यावर एक बाई पांढराशुभ्र टॉवेल धरून हसत होती.

"मॅडम सापडल्या," बायको म्हणाली. तिने फोन कानाला लावला आणि मुलीने पुन्हा जन्मतारीख विचारताच पुडा हातात घेऊन तो भरल्याची तारीख वाचून दाखवली.

"बरोबर!" मुलगी म्हणाली. "जन्मस्थळ?"

बायकोने पुडा फिरवला. मागे बारीक अक्षरांत तो कुठे ठेवावा ते छापलं होतं. "कोरडी व थंड जागा."

"बरोबर मॅडम. लाडक्या शिक्षकांचं नाव?"

आता पुडा संपला. बायकोने नजर वर नेली. गीझरवर लाल अक्षरं होती. "सावधान सर."

"अगदी बरोबर! पण मॅडम, या तारखेप्रमाणे आपण पाच महिन्यांच्या आहात. लहान बाळाने फोनवरून मशीन चालवलं की चाइल्ड लॉक आपोआप लागतं. घरात कुणी मोठं माणूस आहे का?"

बायकोने नवऱ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. "आहे. मी बोलतेय."

खट्ट आवाज झाला. घळघळ पाणी गेलं, दार उघडलं आणि शर्टाच्या बाहीत गुरफटलेले दात निघाले, पूर्वी कधी नव्हते इतके लखलखीत. बायकोने ते नीट तपासले, नळाखाली धुतले आणि वडिलांच्या हातात दिले. सासऱ्यांनी पाठ फिरवली, दात बसवले आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "नमस्कार. ठळक बातम्या." बाथरूम घुमलं. जावयाला इतका आनंद झाला की त्याने टाळ्याच वाजवल्या.

खाली गाडीचा हॉर्न वाजला. सासऱ्यांनी कपडे केले, भांग पाडला आणि दारात थांबले.

"जावईबापू, तुम्ही आमच्या घरी पहिल्यांदा आलात, तेव्हा मी तुमचा छंद विचारला होता."

"बागकाम म्हणालो होतो, बाबा." जावयाने गॅलरीकडे पाहिलं. तिथे सासऱ्यांनी वर्षानुवर्षं भेट दिलेली खुरपी, कात्र्या आणि कालच आणलेली नवी झारी होती. झाड एकही नव्हतं.

"समोर माझी कुंडी होती."

"म्हणजे तुम्हाला तेव्हाच कळलं होतं?" जावई गडबडला. "मग तुम्ही मला मुलगी कशी दिलीत?"

"मी नकोच म्हणत होतो," सासरे बातम्यांच्या आवाजात म्हणाले. "हीच हटून बसली. म्हणाली, बाबा, हाच बरा. याची थाप शोधत बसावी लागत नाही."