गच्ची उंचावल्याबाबत

धातू तापला की प्रसरण पावतो. हा निसर्गनियम डोंबिवली पूर्वेलाही लागू आहे (पश्चिमेबाबत खुलासा मागवला आहे). विजेची तार उन्हाने आणि प्रवाहाने तापते, लांबते, खाली लोंबते. वारा सुटला की निवते आणि वर येते. म्हणून वारा पडल्यावर तारेवरचा भार कमी करायचा, म्हणजे मानपाड्याची वीज घालवायची, असा कंपनीचा सुज्ञ नियम आहे.

श्रिया भौतिकशास्त्रात एम.एस्सी. होऊन उपकेंद्रात शिकाऊ म्हणून लागली, तेव्हा तिला या नियमाचं कौतुकच वाटलं. शंका आली ती आकड्यांची. भर मे महिन्यात झाडाचं पान हलत नव्हतं आणि नोंद होती : चोवीस अंश, मंद व सुखद वारा.

वारा आणि तापमान मोजायचं यंत्र उपकेंद्रप्रमुख साळवीसाहेबांच्या केबिनमध्ये होतं, एसीसमोर.

"सर, हे बाहेर हवं ना?"

"अगं, बाहेर चोरीला जाईल. किमती वस्तू जबाबदार अधिकाऱ्याच्या ताब्यात. शिवाय उन्हाने यंत्र बिघडतं."

तर्क निर्दोष होता. साहेब रजेवर गेले की एसी बंद, वारा शून्य आणि मानपाड्यात लिफ्ट बंद. (साहेबांच्या प्रकृतीसाठी दोन सोसायट्यांनी सत्यनारायण घातला होता.)

श्रियाच्या मानपाड्याच्या सोसायटीतल्या विमलाबाईंनी तिला जिन्यातच गाठलं. "अगं, दुपारी कुरडया वाळत घालायला गेलेले, तर तार पार डोक्याशी! सकाळी चांगली वर होती गं."

श्रियाने अहवाल दिला. साहेबांनी तो शास्त्रीय कसोटीवर तपासला. नोंदीनुसार तार थंड. थंड तार खाली येत नाही. तरी अंतर कमी झालंय. अर्थात गच्ची वर आली. सोसायटीला नोटीस गेली : 'दुपारच्या वेळी गच्ची विनापरवाना उंचावल्याबाबत'. सकाळी पाहणी झाली. कारवाईच्या भीतीने गच्ची पूर्ववत बसल्याचे आढळले.

श्रियाने हट्टच धरला, तेव्हा साहेब म्हणाले, "लोकांची संमती आण, यंत्र बाहेर ठेवतो."

सोसायटीची सभा भरली. सेक्रेटरी सुधीरकाकांनी मुद्द्याला हात घातला.

"यंत्र बाहेर आलं की दुपारी लाइट जाणार?"

"हो काका. पण नाही आलं तर कुणीतरी मरेल."

"भर दुपारी गच्चीवर तडमडायला जातं कोण?"

"मी जाते," विमलाबाई म्हणाल्या.

सभेला हायसं वाटलं. प्रश्न एकाच माणसाचा निघाला.

"मग काकू, कुरडया विकत आणा ना! मस्त मिळतात हल्ली."

यंत्र आत राहावं, असा ठराव झाला. विरोधात दोन मतं पडली. त्यातलं श्रियाचं बाद झालं, कारण फ्लॅट तिच्या बाबांच्या नावावर आहे. बाबांनी ठरावाला अनुमोदन दिलं होतं.

मतदान अजून बंद झालेलं नाही. हे वाचताना तुमच्या डोक्यावर पंखा फिरत असेल, तर हात वर करायची तसदी घेऊ नका. तुमचं मत आम्ही धरलेलं आहे.