पाच वाजताचा पोपट

"एक पोपट सांभाळायचा तो काय! तीन तुकड्यांचा सूट शिवायचाय की काय?" असं म्हणत मास्तरांनी छाती पुढे काढली आणि सासूबाईंच्या हातातून पिंजरा घेतला.

हे मास्तर म्हणजे शिंपी. तीस वर्षं लोकांचे कोट शिवत आलेले. त्यामुळे जगातली कुठलीही गोष्ट टेपने मोजता येते आणि एकदा मोजली की ती आपल्या ताब्यात येते, असा त्यांचा पक्का समज! सासूबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं होतं. त्या दहा दिवस मुलाकडे राहणार होत्या आणि तिकडे सुनेला पिसांनी शिंका येत, म्हणून राघूची रवानगी जावयाकडे झाली होती.

राघू अकरा वर्षांचा. कंठ फुटून जमाना झालेला, चांगला पोक्त पोपट. त्याला तीनच वाक्यं येत: "चहा झाला का?", "कोण आहे?" आणि "दार लावा!" तिन्ही वाक्यं सासऱ्यांची, आणि आवाजही थेट त्यांचाच. सासरे गोदामावर राखणदार होते. त्यांना जाऊन दोन वर्षं झाली होती, पण राघू रोज सकाळी त्या घोगऱ्या आवाजात "चहा झाला का?" असा गरजला की सासूबाई "झाला, झाला!" म्हणत उठायच्या.

"जावईबापू," दारातून वळून त्या म्हणाल्या, "याला काही झालं ना, तर..." पुढचं त्या बोलल्याच नाहीत. मास्तरांनी तिथेच पिंजऱ्याची कडी दोनदा तपासली.

घर दीड खोलीचं. पुढच्या खोलीत मशीन, कापायचं टेबल, आरसा आणि कोट टांगायचा दांडा. मागच्या अर्ध्या खोलीत स्वयंपाक, पलंग आणि संसार. मधे एक पडदा. पिंजरा ठेवायचा कुठे? शेवटी तो कोटांच्या दांड्यालाच लटकवला. पहिल्या तासाभरात राघूने गजांतून चोच बाहेर काढून एका कोटाची तीन बटणं फोडली. त्यानंतर पिंजरा मागे, पलंगाच्या उशाशी गेला आणि मास्तरांची उशी पायथ्याशी आली.

हे सगळं चाललं असतं हो! पण राघू बोलेना. सकाळ झाली, चहा झाला, थंडसुद्धा झाला, तरी पठ्ठ्याने विचारलं नाही. मास्तरांनी त्याच्यासमोर दार सताड उघडं ठेवलं, तरी लावा म्हणाला नाही. दांडीवर एका पायावर बसून तो फक्त मास्तरांकडे बघत होता, बिल जास्त लावलेल्या गिऱ्हाइकासारखा.

संध्याकाळी पाचच्या ठोक्याला फोन वाजला.

"जावईबापू, ऑपरेशन झालं. डोळ्याला पट्टी आहे. डॉक्टरांनी बजावलंय, दहा दिवस डोळ्यातून पाणी येता कामा नये. रडायचं म्हणून नाही!"

"छे, छे, रडायचं कशाला, आई!"

"तेच म्हणते. जरा राघूचा आवाज ऐकवा. म्हणजे जिवाला बरं वाटेल."

मास्तरांनी फोन पिंजऱ्याला लावला. राघू गप्प. मास्तरांनी पिंजऱ्यावर टिचकी मारली. राघू गप्प! पलीकडून सासूबाईंचा आवाज बारीक झाला. "बोलत नाही का हो? बरा आहे ना?"

आता मास्तरांच्या तोंडात त्या वेळी सवयीप्रमाणे चार टाचण्या होत्या. त्या तशाच ओठांत धरून, मान वळवून, त्यांच्या घशातून आपोआप निघालं, "चहा झाला का?"

आणि काय सांगावं! आवाज हुबेहूब सासऱ्यांचा! मास्तर स्वतःच दचकले. एक टाचणी गिळता गिळता राहिली.

"झाला, झाला!" सासूबाई पलीकडून केवढ्या खुशीने म्हणाल्या. "आता मी निवांत झोपते."

एकदाच तर करायचं होतं, अशी मास्तरांनी मनाची समजूत घातली. पण थाप म्हणजे उसवलेली शिवण, एका धाग्यावर कधी थांबते का? दुसऱ्या दिवशी पाच वाजता "चहा झाला का?"च्या जोडीला "दार लावा!" आलं. तिसऱ्या दिवशी तिन्ही वाक्यं संपली. सासूबाई मात्र फोन ठेवीनात. सून कामावर, मुलगा कामावर, डोळ्याला पट्टी, दिवस सरत नाही, जेवण जात नाही, असं काहीबाही त्या हळू आवाजात सांगत राहिल्या. मास्तरांना कसंसंच झालं. ओठांत टाचण्या होत्याच. तोंडातून निघून गेलं,

"जेवलीस का?"

पलीकडे एकदम शांतता. मास्तरांनी टाचण्या काढून हातात घेतल्या.

"आई? आई, रडू नका हं! पाणी येता कामा नये!"

"रडत नाही," सासूबाई म्हणाल्या. "जेवते आता."

झालं! त्या दिवसापासून पाच वाजताचा पोपट रोज नवं बोलू लागला. औषध घातलंस का, पायरी बघून उतर, पंखा बारीक कर. खरा पोपट मात्र तोंडात गुळणी धरून बसला होता, आणि चौथ्या दिवशी तर त्याची पिसं गळायला लागली. एक हिरवं पीस, मग दोन, मग मूठभर! मास्तरांच्या तोंडचं पाणी पळालं. रोज खोटा आवाज काढतोय म्हणून खऱ्याला तर काही होत नाही ना, अशी भलतीच शंका त्यांच्या मनात घर करून बसली.

मग त्यांनी केलं तेच, जे तीस वर्षं करत आले होते. चोच लागू नये म्हणून शिंप्याचं लोखंडी टोपण, अंगुस्तान, बोटात घातलं, राघूला मलमलच्या तुकड्यात धरलं आणि टेप लावली. मापवहीत एका नव्या पानावर लिहिलं: राघू, छाती साडेपाच. दुपारी पुन्हा मोजली, तर साडेचार! मास्तर मटकन खाली बसले. अर्ध्या दिवसात एक इंच! या हिशेबाने परवापर्यंत पिंजऱ्यात नुसती चोच उरणार होती. त्यांनी संध्याकाळी मोजली, दुसऱ्या सकाळी मोजली. सकाळी साडेपाच, दुपारी साडेचार. आकडे वर-खाली, वर-खाली, आणि त्याबरोबर मास्तरांचा जीवही.

सहाव्या दिवशी पिंजऱ्यावर कोटाचं अस्तर गुंडाळून ते पक्ष्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे धावले. बाईंनी राघूची चोच पाहिली, डोळे पाहिले, पंख उलगडून पाहिले.

"झकास आहे की! पिसं दरवर्षी गळतात. जुनी जातात, नवी येतात. तुम्हाला काय वाटलं?"

"बाई, तो आटतोय!" मास्तरांनी मापवही पुढे केली. "हे बघा. लेखी आहे."

डॉक्टरीणबाईंनी पान वाचलं. मग मास्तरांकडे पाहिलं. मग पुन्हा पान वाचलं.

"ही मापं तुम्ही घेतलीत? टेपने?"

"टेप खोटं बोलत नाही, बाई."

"टेप नाही बोलत. पण पक्षी गारव्यात पिसं फुलवून बसतो आणि घाबरला की अंगाशी चापून घेतो. सकाळी तुम्ही फुललेला पोपट मोजला आणि दुपारी घाबरलेला! दिवसातून किती वेळा मोजता?"

"तीनदा. शंका आली तर चारदा."

"माझी कुणी दिवसातून चारदा छाती मोजली, तर मीसुद्धा बोलणं टाकीन! त्याला ती टेप साप वाटत असेल. घर नवं, माणसं नवी. एक कोपरा द्या, ठरल्या वेळी दाणापाणी द्या, गरम इस्त्रीची वाफ त्याच्या अंगावर जाऊ देऊ नका. आणि मुख्य म्हणजे तुम्ही जरा स्वस्थ बसा."

स्वस्थ! पाचचा फोन डोक्यावर असताना स्वस्थ कोण बसणार?

आठव्या दिवशी वकीलसाहेब कोटाच्या ट्रायलला आले. एक बाही टाचलेली, दुसरी टेबलावर, दोन्ही हात वर, आणि नेमके पाच वाजले! फोन खणखणला.

"हलू नका, टाचण्या घुसतील!" असं बजावून मास्तर पडद्याआड पळाले. वकीलसाहेब हात वर करून उभे राहिले, पण कान थोडेच कुणी टाचून ठेवले होते? आतून एक घोगरा म्हातारा आवाज येत होता, "जेवलीस का? किती जेवलीस? एवढंच? औषधाची वेळ चुकवू नकोस, बरं का!"

मास्तर कपाळ पुसत बाहेर आले.

"आत कोण आहेत?" वकीलसाहेबांनी विचारलं.

मास्तरांना दुसरं काही सुचेचना. "सासरे."

"अरे वा! भेटतो ना त्यांना."

"झोपलेत ते."

"आत्ता तर बोलत होते!"

"झोपेतच बोलतात."

"आणि फोन?"

"तोही झोपेतच घेतात," मास्तर म्हणाले आणि घाईघाईने टाचणी लावायला गेले ती थेट वकिलांच्या दंडात लावली.

वकीलसाहेब दंड चोळत निघाले, तर जिन्यात मास्तरांची बायको भेटली. ती औषधाच्या दुकानात कामाला होती आणि नेमकी त्या दिवशी लवकर सुटली होती.

"तुमच्या वडिलांचं कौतुक वाटतं हो!" वकीलसाहेब म्हणाले. "झोपेतसुद्धा बायकोच्या औषधाची काळजी!"

बायको दोन-दोन पायऱ्या चढत वर आली. दार धाडकन उघडलं.

"माझे बाबा आत झोपलेत म्हणे!"

मास्तरांनी सगळं सांगून टाकलं. टाचण्यांसकट. ती ऐकता ऐकता स्टुलावर बसली. रागावली आहे, घाबरली आहे की आणखी काय, मास्तरांना काही अंदाज येईना.

"आईला आजच्या आज सांगा," ती म्हणाली.

"आणि त्या रडल्या तर? टाका उसवला तर?"

"अहो, डोळा आहे तो, कोट नाही! टाका घातलेलाच नाही त्यात."

"असं कसं? टाक्याशिवाय काही जागेवर राहतं का?"

"मग काय, परवापर्यंत बाबांना असेच जिवंत ठेवणार?"

मास्तरांची मान खाली गेली. "मला दुसरं काही सुचलंच नाही गं. तो बोलेना, आणि त्या एवढ्या आशेने ऐकत होत्या."

बायको उठून पिंजऱ्यापाशी गेली. मग हळूच म्हणाली, "एकदा म्हणा बरं. 'कोण आहे?' म्हणा."

मास्तरांनी टाचण्या ओठांत धरल्या आणि म्हटलं. ती हसली, आणि हसता हसता तिने पदराने डोळे टिपले. तिच्या डोळ्यांना बंदी नव्हती.

सांगायचं राहिलं ते राहिलंच, आणि अकराव्या दिवशी सासूबाई आल्या. डोळ्यांवर काळा चष्मा, एका हाताने मुलाचा खांदा धरलेला, दुसऱ्या हातात काठी. मास्तर दार अडवूनच उभे होते. राघू अजूनही एक अक्षर बोलला नव्हता. पिसं निम्मी गळालेली, शेपूट तर नावालाच. आता सासूबाई पिंजऱ्यापुढे उभ्या राहणार, जेवलीस का विचार रे म्हणणार, आणि पोपट ढिम्म! दहा दिवसांचं पितळ सगळ्यांसमोर उघडं पडणार होतं.

सासूबाई पलंगाशी आल्या. वाकल्या. चष्मा जरा वर केला.

"काय रे राजा, हे काय झालं तुझं!"

राघूने मान तिरकी केली. पिसं फुलवली. आणि सगळं घर दणाणून जाईल अशा आवाजात ओरडला, "दार लावा!"

मुलाने घाबरून खरंच दार लावलं. बायकोने हुश्श केलं. मास्तरांच्या डोळ्यांत पाणीच आलं. वाचलो, वाचलो, असं ते मनात म्हणत होते, आणि राघू इतक्या दिवसांची कसर काढत "चहा झाला का? कोण आहे? दार लावा!" असा एका दमात तिन्ही वाक्यं म्हणत सुटला होता.

चहा खरोखरच झाला. मुलगा पिंजरा घेऊन खाली गेला, बायको त्याच्या मागून दाण्यांची पिशवी घेऊन गेली. सासूबाई मात्र खुर्चीतून उठल्या नाहीत.

"जावईबापू, उद्या पाचला फोन करा."

"करतो की. पण आई, राघू तर आता तुमच्याकडेच असणार."

"राघूला करायचा नाहीये. मला करा. आणि तोंडातल्या त्या टाचण्या काढून बोला. एखादे दिवशी गिळाल!"

मास्तरांच्या कानाच्या पाळ्या लालभडक झाल्या. कुठे बघावं ते कळेना, म्हणून ते टेप गुंडाळू लागले.

"म्हणजे तुम्हाला... कधी कळलं, आई?"

"तिसऱ्याच दिवशी."

"मग बोलला का नाहीत?"

"डॉक्टरांनी रडू नका म्हणून सांगितलं होतं. हसू नका असं कुठे म्हणाले होते?"

"पण आवाज तर अगदी तस्साच जमला होता!" मास्तरांच्यातला कारागीर दुखावला. "चुकलं कुठे?"

सासूबाईंनी चष्मा नीट केला, काठी घेतली आणि उठल्या.

"आवाजात काही खोट नव्हती हो. पण एकेचाळीस वर्षांच्या संसारात त्या माणसाने मला एकदासुद्धा जेवलीस का म्हणून विचारलं नाही. त्यांचा पोपट विचारणार होय?"