सरदार सणसांचे एका माघारीची हकीकत

श्रीमारुती प्रसन्न. ज्याने बाळपणी कोणाची परवानगी न घेतां सूर्यावर उड्डाण केले आणि हनुवटीवर उतरला, त्या पहिल्या वैमानिकास दंडवत घालोन, शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसु नाम संवत्सरे, वैशाख शुद्ध षष्ठीचे दिवशी सरदार दौलतराव सणस यांची अखेरची स्वारी आकाशमार्गे कैसी जाहली, ते डोळां देखिले तैसे लिहितो. आम्ही कोण हे पुसों नये. उतारूंस विमानांत घालोन गांवोगांव पोहोचविणारी एक कंपनी या राज्यी आहे, तिचे दरबारी आम्ही लेखणी खरडतो. कोणी सरदार निवृत्त होऊं लागला म्हणजे त्याचे गौरवाचे चार बंद लिहावे आणि हारतुरे जाहल्यावर वाचून दाखवावे, येवढाच आमचा धंदा. कोणी ऐकत नाही, सर्वांचे लक्ष बटाटेवड्याकडे असते, तरी लिहावे लागते. सणसांचे बंद आम्ही आधीच सिद्ध करून ठेविले होते आणि शेवटची ओळ ऐसी घातली होती की, "या पुरुषाने जन्मांत माघार घेतली नाही." ओळ फर्मास होती. खुद्द सरदारांनीच सांगितली होती.

सरदार तरुणपणी राज्याचे फौजेंत विमान चालवीत. तेथील शिरस्ता ऐसा की हुकूम आला म्हणजे हातचा घास ताटांत ठेवून निघावे, आणि विमान तयार असोन हुकूम नसेल तर दिवसचे दिवस पत्ते कुटीत बसावे. दोन्ही कामांस सारखेच शौर्य लागते ऐसे सरदार म्हणत. त्यांजकडे कामगिरी होती उत्तरेकडील डोंगरांतील ठाण्यांस पीठ, रॉकेल, औषधे आणि सुटीवरून परतणारे शिपाई पोहोचविण्याची. त्या मुलखी विमान उतरविण्याची एक पट्टी ऐसी होती की एका अंगे दरी, दुसरे अंगे दरी आणि पुढे उभा डोंगर; वळावयास जागा नाही. एकदां घळीत विमान शिरले की उतरलेच पाहिजे, वर उचलूं म्हणाल तर डोंगर आडवा. सरदार तेथे शेकडो वेळां उतरले आणि मनांत एकच मंत्र ठेविला की शिरलो म्हणजे उतरायचेच. त्यांस हे शिकविणारे उस्ताद केळुसकर ऐसे होते की शिकाऊ वैमानिकाने चूक केली असतां मागील आसनावरोन एकेरींत ओरडत आणि हातांतील छडीने शिरस्त्राणावर टोला देत. उस्ताद पुढे एके दिवशी ढगांत गेले ते परत आले नाहीत. सरदार त्या गोष्टीविषयी बोलत नसत. आम्ही दोनदां विचारले, दोन्ही वेळां त्यांनी आम्हांसच चहा पाजला.

फौज सोडिल्यावर सरदार कंपनीचे चाकरीस आले आणि येथे सर्वच तऱ्हा निराळी दिसोन बहुत अचंबित जाहले. येथे पहाटे कामावर यावे तो आधी नळीत फुंकर मारून दाखवावी की रात्री दारू घेतली नाही. ज्याने उभ्या जन्मांत ताकही आंबट घेतले नाही त्यानेही फुंकावे. मग सहा महिन्यांनी एकदां खोट्या विमानांत बसावे आणि आंत बसलेल्या परीक्षकाने इंजिनास खोटी आग लावावी आणि खरा घाम फुटावा. मग सरदार आणि शेजारचे आसनी बसोन विमान चालविणारा त्यांचा नायब, दोघांनी एकच जेवण जेवूं नये, न जाणो एकाचे पोट बिघडले तर दुसऱ्याचे शाबूत पाहिजे. सरदारांस पनीर आवडत नसे, परंतु नायबाने आधी कोंबडी मागितली तर मुकाट पनीर खात. दिवाळी कोणत्या गांवी करावी हे कंपनी ठरवी. सरदारांचे कुटुंब शालिनीबाई यांनी मुलाची मुंज, मुलीचे साखरपुड्याची बोलणी आणि घराचे गळते छत, तिन्ही एकटीने उरकली. फौजेंत असतांही हेच. सरदार दारांत येऊन बूट काढीत तो परत बोलावणे येई आणि ते एक बूट घालीत परत जात. बाई प्रत्येक वेळी इतकेच म्हणत, "लवकर या."

आतां ज्यामुळे हे सर्व घडले तो कायदा सांगतो. कंपनीचे राज्यी ऐसे ठरले आहे की विमान पट्टीवर उतरतेवेळी ठरल्या वेगाने, ठरल्या उंचीने येत नसेल, तर उतरणे सोडावे आणि पुन्हा वर जाऊन फिरोन यावे. ही माघार. तिजबद्दल कोणी जाब पुसत नाही, कोणी पगार कापीत नाही. पुढील दोन आसनांवर जे दोघे बसतात त्यांपैकी ज्यास धोका दिसेल त्याने "माघार घ्या" ऐसे दोन शब्द बोलावे आणि दुसऱ्याने, मग तो कितीही थोर असो, वाद न घालितां विमान वर उचलावे. कायदा उत्तम. परंतु आमचे लोकांचे तोंडी अदब फार. वडील माणसास थेट कांही सांगावयाचे म्हणजे आधी खोकावे, मग "नाही, म्हणजे" म्हणावे, मग मान तिरकी करावी. हे जमिनीवर शोभते. आकाशांत तितक्यांत पट्टी निघोन जाते.

अखेरचे स्वारीस सरदार डावे आसनी आणि उजवे आसनी नायब म्हणोन रेवती तांडेल ही मुलगी. समुद्रकाठचे मुलखातील, बाप मासेमारीची होडी हांकणारा तांडेल, कामांत चोख, आवाज मात्र बारीक. शालिनीबाई, मुलगा, सून, नातू ऐसे सर्व उतारूंमध्ये बसले. आम्हांस त्या दोघांचे पाठीमागील घडीच्या आसनावर बसविले, कां की शेवटचे उतरणे डोळां पाहोन गौरवांत लिहावे. निघण्याआधी सरदार म्हणाले, "हे बघ बेटा, काही वावगं दिसलं तर बिनधास्त बोलायचं. लाजायचं नाही." हे सर्वच सरदार म्हणतात. रेवती म्हणाली, "हो सर." हेही सर्वच नायब म्हणतात.

प्रवास सुखाचा जाहला. खाली राजधानीचे विमानतळी पाण्याचे बंब सलामीस उभे, फुलांचे हार आले, दरबारचे मोठे अंमलदार सावलीत उभे राहिले. मनोऱ्यावरील कारकुनाने कळविले की वारा समोरून मंद आहे, या. सरदार खाली येऊं लागले आणि तितक्यांत डावीकडोन धुळीचा लोट उठला आणि वारा फिरोन थेट पाठीस लागला. विमान खाली जाईना आणि पळे मात्र दुप्पट. रेवतीने समोरील कांटे पाहिले आणि बोलिली, "सर, वेग जरा जास्त वाटतोय."

"हं."

"सर, म्हणजे… उंचीपण थोडी… आपण जरा बघू या का?"

"बघतोय ना बेटा."

आम्हांस मुलीचे वळण बहुत आवडले. इतक्या घाईत किती नम्र बोलते, हे गौरवांत घालावे ऐसे मनांत योजिले. इकडे पट्टीचे आरंभीचे जाड पांढरे पट्टे पोटाखालोन निघोन गेले, मग ज्या खुणेवर चाके टेकावी ती खूणही गेली आणि चाके अद्याप अधांतरी. पट्टीचे शेवटास भिंत, भिंतीपलीकडे नाला, नाल्यापलीकडे लोकांची घरे, गच्चीवर वाळत घातलेले कपडे आम्हांस दिसों लागले. तेव्हां आमचे ध्यानांत आले की आपण मरतो आहो. सरदारांचे तोंडाकडे पाहिले तो ते तेथे नव्हतेच. डोळे समोर, जबडा आवळलेला, आणि ओठांतले ओठांत म्हणत होते, "शिरलो की उतरायचंच. शिरलो की उतरायचंच." त्यांचे पुढे भिंत नव्हती, तो जुना डोंगर होता आणि वर मोकळे आकाश आहे हे त्यांस दिसतच नव्हते. रेवतीने तोंड उघडिले. "सर, माघार…" इतके म्हणोन तिची जीभ अडखळली, कां की सरदार, कां की वडिलांचे वयाचे, कां की आज शेवटचा दिवस आणि बंब उभे. मग त्या बारीक आवाजाचे मुलीचे गळ्यांतून जो आवाज निघाला तो होडीवर तुफानांत मारतात तैसा निघाला:

"माघार घे!"

घे! सरदारास एकेरी! कायद्यांत "घ्या" ऐसे स्पष्ट असतां! आम्ही लेखणी धरिली त्या दिवसापासोन ऐसी बेअदबी ऐकिली नव्हती आणि आमचे तोंडून "अगं!" ऐसा शब्द गेलाही. परंतु त्याचे आधीच सरदारांचा हात इंजिनांचे दांडीस लागोन पुढे गेला होता, इंजिने गर्जली, नाक वर उठले आणि भिंत, नाला, गच्चीवरील लाल परकर, सर्व खाली राहिले.

वर ढगांत आल्यावर पाठीमागे उतारूंचा मोठा आकांत, पोरे रडती, एक गृहस्थ हवाईसेविकेस पुसत होते की उशीर जाहला त्याची भरपाई कोण देणार. शालिनीबाई मात्र शांत बसल्या होत्या आणि सुनेस म्हणाल्या, ऐसे सुनेने मागाहून आम्हांस सांगितले, "घाबरू नकोस गं. दारापर्यंत येऊन परत जायची सवयच आहे त्यांना." सरदारांनी उतारूंस कळविले, "उतरायला जमलं नाही म्हणून वर आलोय. पुन्हा उतरतोय. चूक माझी." ऐसे शब्द कोणत्याही सरदाराचे तोंडी आम्ही कधी लिहिले नव्हते. मग त्यांनी दांडीवरचा हात काढोन घेतला. म्हणाले, "रेवती, विमान तू घे."

"घेतलं," ती म्हणाली. आतां तिने सर म्हटले नाही, आणि आम्हीही कान टवकारले नाहीत.

वारा पडेतो दोन फेरे काढिले आणि मग मुलीने विमान उतरविले. जरा आपटले. परंतु पट्टीचे आरंभीच आपटले, आणि तो आपटा आम्हांस मखमलीपेक्षां गोड लागला. बंबांनी पाणी उडविले, खिडकीचे कांचेवर पाणी आले, आणि सरदारांचे डोळ्यांतही आले, ते कांचेचे नव्हे.

उतारू उतरोन गेल्यावर रेवती उभी राहिली आणि म्हणाली, "सर, माफ करा. तोंडातून एकेरी गेलं."

सरदार म्हणाले, "'घ्या' म्हणाली असतीस तर मी ऐकलंच नसतं गं. मला सगळे घ्याच म्हणतात. चहा घ्या, हार घ्या, सत्कार घ्या. घे म्हणालीस आणि उस्तादांचा टोला डोक्यात बसला, हात आपोआप गेला." मग खिडकीचे कांचेवरील पाण्याकडे पाहोन म्हणाले, "ते ढगात गेले त्या दिवशी त्यांच्या मागे बसून कोणी घे म्हणायला नव्हतं."

खाली मांडव घातला होता तेथे मोठे अंमलदार आमचे कानांत बोलले की तो मधला प्रसंग गाळावा, शुभ दिवस आहे. आम्ही हो म्हणणारच होतो, आमचा धंदाच तो. तोंच सरदार म्हणाले, "शेवटची ओळ बदला."

"काय लिहू?"

"एकदा घेतली म्हणून लिहा. कोणी सांगितलं तेही लिहा. तिचं नाव पूर्ण लिहा."

आम्ही उभे राहोन तैसेच वाचिले. प्रथमच सर्वांनी ऐकिले, वडे निवाले. मग शालिनीबाई पुढे आल्या. लांब प्रवासाने पातळ चुरगळलेले, हातांत नातवाचा डबा. सरदारांस म्हणाल्या, "म्हणजे घे म्हटलं की तुम्ही ऐकता होय? मी आपली इतकी वर्षं 'लवकर या, लवकर या' करत बसले."

बाईंनी आजूबाजूचे मोठमोठे अंमलदार पाहिले, एकदां आमचेकडेही पाहिले, आणि सर्वांदेखत म्हणाल्या, "दौलत, चल घरी."

आणि सरदार गळ्यांतले हार खुर्चीवर ठेवून, मागे एकदाही न पाहतां, चालू लागले.

येणेप्रमाणे सणसांची कारकीर्द. उड्डाणे बहुत, माघार एक, ती रेवती दामोदर तांडेल इचे शब्दावरून. माणसे सर्व घरी पोहोचली, त्यांत सरदारही. यापेक्षां मोठा विजय आमचे दप्तरी लिहिलेला नाही, आणि असल्यास त्यांत आम्ही खोटे लिहिले असेल.